चौघेही योद्धे

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, एका सेक्टरात, नव्वदच्या सुमाराच्या उन्हाळ्यात, चार मुलांवर एक जबाबदारी येऊन पडली: राक्षसाने गुहेत कोंडलेलं गावाचं पाणी सोडवून आणायचं. खेळ फाशांचा आणि कल्पनेचा. चालवणाऱ्या सिंधुताई, निवृत्त शिक्षिका. योद्धा लढतो, जादूगार मंत्र टाकतो, वैद्य जखमा भरतो, चोर कुलपं उघडतो. मुलं चार, कामं चार. इतकी सोपी गोष्ट मुलांवर सोडणं अर्थातच धोक्याचं होतं.

क्रेनवर काम करणाऱ्या मारोतरावांची विजया आपणहून चोर झाली. संध्याकाळी मारोतराव सिंधुताईंच्या दारात हजर.

"बाई, आमची पोरगी चोर अन् दौलतराव साहेबाचा ओमप्रकाश योद्धा? कावून?"

"तिनेच मागितलं. तिला कुलपं उघडायला आवडतात."

"तिले काय समजते! मले उद्या ड्यूटीवर तोंड दाखवायचं आहे."

पाठोपाठ क्लार्क जानराव आले. त्यांची शीला वैद्य होती. "वैद्य मागं उभा राहते म्हणे. मागं उभं राहाले मी आहो ना घरात!" रत्नमाला जादूगार झाल्याचं ऐकून तिची आजी गयाबाई तर रडायलाच लागली. "लोक टोनही म्हणतील माह्या नातीले, चेटकीण! कोण करन लग्न?"

प्रकरण पालकांच्या बैठकीत गेलं. सखोल विचारविनिमयाअंती चौघांनाही योद्धा करण्यात आलं. दौलतरावांच्या सूचनेवरून ओमप्रकाशला वरिष्ठ योद्धा हे पद मिळालं.

"मंग कुलूप कोण उघडन?" विजयाने विचारलं.

"तो विषय बैठकीपुढे नाही," दौलतराव म्हणाले.

रविवारी चार योद्धे गुहेशी पोचले. दाराला कुलूप. त्यांनी तलवारी चालवल्या. तलवारी तुटल्या. भिंतीतून विषारी बाण सुटला आणि ओमप्रकाशला लागला. जखम भरणारं कुणी नव्हतं.

"मेला," सिंधुताई म्हणाल्या.

"सीनियर आधी कसा मरेल?" खुर्चीमागून दौलतराव गरजले. "काही प्रोसीजर आहे की नाही?"

प्रोसीजरप्रमाणे आधी विजया मेली, मग रत्नमाला, मग शीला. शेवटी ओमप्रकाश इतमामाने मेला. पाणी आतच राहिलं.

"काकाजी, मले येत होतं ना ते कुलूप उघडता," विजया म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"योद्ध्याने रडू नये," दौलतरावांनी समजावलं.

त्याच संध्याकाळी पालकांनी मृत्यूचं कारण निश्चित केलं: मुलं मेहनत घेत नाहीत. चौघांना नेहरू नगरातल्या इंजिनियरिंगच्या एकाच कोचिंग क्लासला घालण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. सिंधुताईंनी फासे आवरले.

प्रवेशाला मात्र थोडी अडचण आली. बॅच भरलेली होती. त्या बाकांवर, ही गोष्ट वाचून हसणाऱ्या आपण सगळ्यांनी आपापली मुलं आधीच नेऊन बसवली होती.