सासऱ्यांचं करप्ट खातं

"घरातला संगणक मला टरकून असतो!" ही फुशारकी मी घरात इतक्या वेळा मारली होती, की परवा दुपारी सासरे धावत आले ते थेट माझ्याकडेच. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"जावईबापू, माझं सगळं गेलं!"

सासू-सासरे आमच्याकडेच राहतात. सासरे पाणीपुरवठ्याच्या गोदामात भांडारपाल होते. संगणकावर त्यांचं स्वतंत्र खातं आहे. ते उघडलं, तर पडदा नुकत्याच तासलेल्या टकलासारखा लख्ख! एक फाइल नाही. कोपऱ्यात एक सूचना, की प्रोफाइल उघडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा सत्तरावा वाढदिवस होता. त्यासाठी सासऱ्यांनी हिवाळाभर खपून जुन्या फोटोंची फिल्म बनवली होती. गुपचूप!

"हिला कळता कामा नये," ते कुजबुजले.

"चुटकीसरशी करतो!" म्हणत मी बाह्या सरसावल्या आणि दिसेल ते बटण दाबलं. फाइली आल्या नाहीत, पण पडद्यावरचं सगळं आडवं झालं! आम्ही दोघं माना वाकड्या करून कावळ्यांसारखे बघत बसलो. शेवटी मी ऑफिसातल्या सिस्टीमवाल्याला फोन लावला. आवाज नीट पोचत नव्हता, म्हणून ओरडावं लागलं.

"सासऱ्यांचं प्रोफाइल करप्ट झालंय! हो, पूर्ण करप्ट! रिकव्हरी होईल ना? काय? नवं खातं उघडायचं आणि जुन्यातलं सगळं तिकडे हलवायचं? नाही नाही, सासूबाईंना पत्ता लागणार नाही!"

स्वयंपाकघरात कपबशी फुटली. आम्ही लक्ष दिलं नाही.

फाइली हलायला लागल्या आणि दारावरची बेल वाजली. दारात सासूबाईंचे वकील बंधू! काळ्या कोटासकट, कोर्टातून थेट. मागे माझी बायको, ऑफिस अर्धवट टाकून आलेली.

"दाजी, आता एक शब्द बोलू नका!" मामा गरजले आणि लगेच विचारलं, "किती माल आहे?"

भांडारपालाला मालाचा हिशेब विचारल्यावर तो गप्प बसेल?

"आठ जीबी," सासरे म्हणाले. "अर्धा नव्या खात्यात हलवलाय."

जीबी म्हणजे कोटीच्याही वरचं काहीतरी, असं समजून मामा खुर्चीत कोसळले. "कधीपासून चाललंय हे?"

"हिवाळ्यापासून. जावईबापूंना आजच सामील करून घेतलं."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच दोन्ही हात वर केले!

"नोकरीत असताना चहासुद्धा कुणाचा प्यायला नाहीत," सासूबाई दारातून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "आणि आता म्हातारपणी ही रिकव्हरी?"

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना सगळं!"

"ताईचं नाव यात घेऊ नका!" मामा किंचाळले.

तेवढ्यात फाइली हलवून झाल्या. सासऱ्यांना दुसरा मार्गच उरला नाही. त्यांनी फिल्म सुरू केली. ती अर्थातच आडवी! वकिलासकट पाच माना एकदम वाकड्या झाल्या.

पडद्यावर सासूबाई आल्या. ऐन विशीतल्या. सायकलवर, वेण्या उडताहेत आणि समोर कुणाला तरी 'बाजूला हो' म्हणून ओरडताहेत.

"हा फोटो तुम्ही काढलात?" त्या हळूच म्हणाल्या.

"बाजूला व्हायच्या आधी," सासरे म्हणाले.

मान वाकडी असल्यामुळे सासूबाईंचे अश्रू गालावरून न ओघळता कानाकडे निघाले. त्यांनी ते पुसले नाहीत. सासऱ्यांचा हात तेवढा घट्ट धरला. फिल्म संपली, तेव्हा म्हणाल्या, "परत लावा." आम्ही परत पाहिली. मामांनी कोट काढून ठेवला. मलाही वाटलं, माझं काहीतरी कौतुक आता होईलच!

सासूबाईंनी नवऱ्याकडे बघत मोठा सुस्कारा सोडला.

"दुपारभर मला वाटत होतं, या माणसाने जन्मात एकदा तरी काहीतरी धाडस केलं," त्या म्हणाल्या. "कसलं काय! निघाले आपले सज्जनच!"