मुक्काम पोस्ट मंगफ

बँकेत वर्षाखेरीचं क्लोजिंग आहे, रजा मिळत नाही, यंदा भारतात येणं काही जमणार नाही, असं संग्रामनं आईला फोनवर सांगितलं तेव्हा तो कुवेतमधल्या मंगफच्या फ्लॅटमध्ये एका फुगलेल्या बॅगेवर बसला होता आणि त्याची बायको देवयानी तिची चेन ओढत होती. बॅगेत शुक्रवारच्या बाजारातून आणलेली, गादीएवढी जाड जाकिटं होती. तिकिटं कुवेत-दिल्ली-श्रीनगर.

भारतात उतरून घरी न जाणं हा किती मोठा गुन्हा आहे, हे आखातातल्या माणसालाच कळतं. आजवरच्या सगळ्या रजा कराडची आई, सांगलीची आत्या, कोल्हापूरचे सासरे आणि मुंबईचा दिनकरमामा यांच्यात वाटल्या गेल्या होत्या. दुधाची पावडर, बदाम आणि डोकेदुखीचं तेल वाटून होईतो परतायची वेळ व्हायची. यंदा देवयानीनं सरळ सांगितलं, "मला बर्फ बघायचाय. तुझे नातेवाईक बघून झालेत."

फक्त आईला कळता कामा नये. संग्राम तिला सहा महिने मंगफला बोलवत होता आणि ती गुडघ्यांचं कारण सांगत होती. गुडघे धरून बसलेल्या आईला चुकवून आपण बर्फात खेळतोय हे कळलं, तर ती काहीही बोलली नसती. तिच्या त्या न बोलण्याचीच त्याला धास्ती होती.

म्हणून देवयानीनं निघण्याआधीच आठवडाभराचं कुवेत साठवून ठेवलं. लेक उर्वी समुद्रावर, उर्वी मॉलमध्ये, संग्राम लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून. यातला रोज एक फोटो गुलमर्गहून आईला जायचा. आईकडूनही अंगणातल्या जास्वंदीचा फोटो यायचा, खाली 'गुडघे ठीक'.

स्कीइंग शिकवायला सर्फराज नावाचा हसतमुख काश्मिरी मिळाला. त्यानं पायांत लांबलचक पट्ट्या अडकवल्या आणि थांबायचं कसं ते दाखवलं. पुढची टोकं जवळ, टाचा लांब, म्हणजे पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा आकार होतो आणि माणूस थांबतो. दहा वर्षांच्या उर्वीला ते लगेच जमलं. देवयानी किंचाळत का होईना, थांबायची. संग्रामच्या पट्ट्या मात्र जवळ यायला तयारच नव्हत्या. बँकेत नोकरी, सगळं सरळ रेषेत.

"सर, घुटने मोड़ो," सर्फराज म्हणाला.

"मोडतील बहुतेक," संग्राम म्हणाला आणि निघाला.

"बाबा, यू आर नॉट ब्रेकिंग," उर्वीनं शांतपणे कळवलं.

खाली, उताराच्या मध्यावर असलेल्या चहाच्या टपरीपाशी, कुठल्याशा टूरची ज्येष्ठ मंडळी उभी होती. हिरव्या टोप्या, भाड्याचे लांब कोट, पायांत गमबूट. त्यांच्यातल्या एक बाई गुलाबी जाकिटात, डोळ्यांवर मोठ्ठा गॉगल लावून स्कीच्या पट्ट्यांवर उभ्या होत्या, फोटोसाठी. संग्राम वरून ओरडला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा." आता ही मंडळी मराठी. बाजूला होण्याऐवजी सगळे वळून, हा आपल्यातला कोण, ते बघायला लागले.

फक्त गुलाबी जाकिटानं गुडघे वाकवले, पट्ट्यांची टोकं जुळवली आणि ते अलगद सरकून बाजूला झालं. त्या फटीतून संग्राम पार निघाला आणि टपरीमागच्या बर्फाच्या ढिगात छातीपर्यंत शिरला.

"डोळे काय हॉटेलात ठेवून आलास का रे मेल्या? म्हातारी माणसं दिसत नाहीत?"

याच आवाजानं त्याला दहावीपर्यंत रोज उठवलं होतं. बर्फातून तोंड बाहेर काढूच नये, असं त्याला वाटलं. पण उर्वी येऊन पोचली होती, अर्थातच व्यवस्थित थांबून.

"आजी?"

गुलाबी जाकिटानं गॉगल वर केला.

"तुझं क्लोजिंग?" आई म्हणाली.

"तुझे गुडघे?"

"ते जिन्यात दुखतात. इथे जिना कुठाय?"

"आणि ती जास्वंद?"

"निघायच्या आधीच काढून ठेवली सगळी. तुला काय वाटलं, तू कुणावर गेलायस?"

मग आई टपरीच्या बाकावर बसली आणि तिनं खरं काय ते सांगितलं. मंगफला येऊन ती करणार काय? हे दोघं ऑफिसात, पोरगी शाळेत, आणि ही गॅलरीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत बसणार. "पण तू एवढ्या मायेनं बोलवतोस, नाही कसं म्हणू? मग गुडघे पुढे केले. त्यांना काही वाईट वाटत नाही." संग्रामनंही आत्या, मामा, दुधाची पावडर, सगळं ओकून टाकलं. आईनं त्याच्या कॉलरमधला बर्फ काढला.

"मला सांगायचंस की. मीही आले असते चोरून."

एवढ्यात तिचा फोन वाजला. दिनकरमामा. मुलानं पकडलं तेव्हा न उतरलेला आईचा चेहरा आता खर्रकन उतरला. फोनवर हात ठेवून ती कुजबुजली, "या वयात काश्मीर म्हटलं असतं तर दादा विमानतळाच्या दारात आडवा पडला असता. त्याला सांगितलंय, मी तुझ्याकडे कुवेतला आलेय. पासपोर्ट बघून स्वतः सोडून गेला तो मला."

थोडक्यात, बर्फात बसलेलं हे अख्खं कुटुंब मंगफला सुखरूप होतं.

"हो दादा, मजेत. थंडी? आहे थोडी. हा काय, इथेच आहे संग्राम," असं म्हणत तिनं फोन त्याच्या कानाला लावला. मामा खूश होता. मंदीला, म्हणजे आईला, घरात कोंडू नकोस, जरा फिरव, चांगली महिनाभर ठेवून घे, असं त्यानं बजावलं. "आणि कुवेतच्या विमानाचा नंबर मला कळव. मी स्वतः येतो मुंबईला घ्यायला. बाहेर पडायच्या दारातच उभा राहतो."

फोन बंद झाला. संग्रामनं निरोप सांगितला. आईनं समोरच्या बर्फाकडे बघितलं, देवयानीकडे बघितलं, मग पर्स उघडून पासपोर्ट जागेवर असल्याची खात्री केली.

"व्हिसा यायला किती दिवस लागतात रे?"

सहा महिने या प्रश्नाची वाट बघणारा संग्राम आनंदानं उठून उभा राहिला. पायांतल्या पट्ट्या तो विसरला होता.

"चारपाच दिवस," हे त्याचं उत्तर आईला उताराच्या पार खालून ऐकू आलं.