गवती चहाच्या तेलात कापूस

"यवतमाळ जिल्ह्यातल्या गुन्हेगारांना माझ्यामुळे झोप लागत नाही. नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि मेंदूला तर उपमाच नाही," असं माझे यजमान नंदकिशोर स्वतःविषयी सांगतात. शेवटच्या मुद्द्यावर माझंही दुमत नाही. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आर्णीतल्या आमच्या घरावर 'गुप्तहेर' अशी पाटी लावली. गुप्तहेरानं पाटी लावू नये, हे मी पुष्कळदा सुचवलं. जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवल्यामुळे तेच ते पुन्हा सांगायचा मला कंटाळा नाही. पाटी अजून आहे.

कापसाचं नाव काढलं की माणसं विषय बदलायची, त्या वर्षांतली ही गोष्ट. जवळच्या गावातल्या भीमराज आणि नलू या नवराबायकोनं शेजाऱ्यांना सोबत घेऊन कापसाच्या जागी गवती चहा लावला. पात वाफवून तेल काढायची भट्टी एका संस्थेनं दिली. नागपूरचा एक साबणवाला तेल घ्यायला तयार होता, पण प्रयोगशाळेनं ते शुद्ध ठरवलं तरच. पहिला नमुना नापास झाला. दुसराही झाला, तर भट्टी परत जाणार आणि उरणार नुसतं गवत, जे बैलही हुंगून सोडून देतो.

"काका, मले तं काही समजूनच नाही राह्यलं," भीमराज आमच्या ओसरीवर बसत म्हणाला. "प्रयोगशाळेतून फोन आलता. मी भट्टीपाशी उभा, आवाज फाटून राह्यलता. मॅडम म्हणे, तुमच्या तेलात कापूस अन् तीळ निघाला."

"कापूस आणि तीळ!" यजमान ताडकन उठले. "म्हणजे अख्खा खरीप हंगाम यात गुंतलाय!"

"ज्याले सोडलं, थेच मागं लागलं," नलू कपाळाला हात लावून म्हणाली.

आम्ही भट्टीवर गेलो. यजमान भिंग घेऊन जमिनीवर ओणवे झाले. शेजारच्या रामरावांच्या शेतात अजून कापूस होता. यजमानांनी हवेत रुमाल धरून वाऱ्याची दिशा पाहिली आणि रामरावांना संशयित ठरवलं. रामराव म्हणाले, "साहेब, मी कायले माहा कापूस उधळू? वेचायलेच माणूस भेटत नाही."

मग भट्टीच्या झाकणाच्या फटीत यजमानांना पांढरं काहीतरी दिसलं. त्यांनी ते पुराव्याच्या पुडीत घातलं.

"काका, थे कणीक हाये," नलू म्हणाली. "वाफ बाहेर जाऊ नाही म्हणून लिंपतो आम्ही."

"कणीक म्हणजे गहू," यजमान गंभीरपणे म्हणाले. "रब्बीही सामील आहे."

संध्याकाळपर्यंत कटात जिल्ह्यातली सगळी पिकं आली. फक्त ज्वारी निर्दोष सुटली.

शेवटी मी म्हटलं, "अहो, प्रयोगशाळेलाच विचारा ना." गुप्तहेर विचारत नसतात, असं म्हणत त्यांनी घरी येऊन फोन लावला. भीमराज आणि नलूलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"मॅडम, तुमच्या यंत्राला कापूस दिसलाच कसा?"

पलीकडून प्रयोगशाळेतल्या अनघाताई ओरडल्याच. "कापूस नाही हो काका. कापूर! र, रथाचा र!"

बाई पहिलीचा वर्ग चांगला शिकवतील, मला पटलं.

"आमचं यंत्र तेलातला एकेक घटक वेगळा करून दाखवतं," त्या म्हणाल्या. "त्यात कापूर सापडला, शिवाय तिळाचं तेल. हा साबण तान्ह्या बाळांसाठी आहे, कापूर अजिबात चालणार नाही. नमुना कोणी भरला होता?"

"मी स्वतः. यांना म्हटलं, हे काम माझ्यावर सोडा," यजमान छाती काढून म्हणाले. "पुरावा हाताळायचा सराव आहे मला. बाटलीही घरचीच, गडद काचेची. गरम पाण्यानं विसळून घेतली होती."

"आधी त्या बाटलीत काय होतं?"

यजमानांची नजर छताकडे गेली. घारीची असल्यामुळे तिथेच घिरट्या घालत राहिली.

"काका," नलू हळूच म्हणाली, "तुमचे गुडघे दुखतात, तं कायनं चोळता?"

तिळाच्या तेलात कापूर घालून ते मीच उकळते. महिन्यापूर्वी ती बाटली नाहीशी झाली, तेव्हा यजमानांनी त्या चोरीचाही तपास केला होता. शेजारच्या मांजरावर पाळत होती.

"काका, आमचं वर्षभराचं पोट होतं त्या बाटलीत," भीमराज एवढंच म्हणाला. यजमानांनी खिशातलं भिंग काढून कपाटात ठेवलं.

अनघाताईंनी प्रयोगशाळेची कोरी बाटली पाठवली. नलूनं ती भरली, तोवर भीमराज यजमानांना पिंपळाखाली बसवून त्यांच्या जुन्या विजयांच्या कथा ऐकत राहिला. त्या नवराबायकोत जास्त कष्ट कोणाचे, हे सांगणं अवघड आहे.

नमुना पास झाला. साबणवाल्याचा टेम्पो पिंपं घ्यायला आला, तेव्हा आम्हीही गेलो होतो. रामरावही हात लावायला आले होते. शेवटचं पिंप चढवून त्यांनी खवचटपणे विचारलं, "मंग साहेब, गुन्हेगाराचं काय केलं?"

"सापडला," यजमान माझ्या खांद्याचा आधार घेत उठले. "पण गुडघ्यांची अवस्था पाहून समज देऊन सोडून दिला."