खाकरे मास्तर आणि ढगांचा तास

"एका तासात सरळ करतो की नाही बघ अख्खा वर्ग!" मास्तरांनी सकाळीच लेकीला बजावलं. "नुसता खाकरलो ना, तरी पोरं ताडकन उभी राहतील!"

ही काही नुसती फुशारकी नव्हती. तिकडे, आपल्या देशात, त्यांना सगळे खाकरे मास्तर म्हणायचे. त्यांनी व्हरांड्यात घसा साफ केला की मागच्या बाकावरचं पोरसुद्धा उभं! पण लेकीकडे परदेशात आले, नातीच्या शाळेच्या गोष्टी ऐकल्या आणि त्यांचं डोकंच फिरलं. पोरं जमिनीवर लोळतात! बाईंना नावानं हाक मारतात! आणि दुपारी म्हणे सतरंजीवर पडून खिडकीतून ढग बघण्याचा तास असतो. खिडकीबाहेर बघणाऱ्यांना मास्तरांनी जन्मभर छड्या दिल्या होत्या हो!

आज बाईंनीच त्यांना बोलावलं होतं, आजोबांची शाळा कशी होती ते दाखवायला. वाटेत नात त्यांचं बोट धरून हळूच म्हणाली, "आजोबा, ओरडू नका हं. मला आत्ता कुठे एक मैत्रीण मिळालीय. ती घाबरली तर मी पुन्हा एकटी."

"ओरडतो कशाला? नुसता खाकरेन."

दारात उभे राहून मास्तर खाकरले. कुणी हललं नाही. पुन्हा खाकरले. पोरं वळून बघायला लागली. मग मात्र त्यांनी ठेवणीतलं खाकरणं बाहेर काढलं! वर्ग खरंच ताडकन उठला. मास्तर खूश! पण पोरं उठली होती पाणी आणायला. इथे माणूस खाकरतो तो आजारी असला तरच! कुणी उशी आणली, कुणी पांघरूण. नातीची मैत्रीण तर त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली.

"अगं, सांग ना यांना, मी ठणठणीत आहे!"

नातीनं इथल्या भाषेत सांगितलं आणि बाईंचं उत्तर आणलं. "बाई म्हणतात, सगळे आजोबा असंच म्हणतात. पडा!"

मास्तर आडवे झाले आणि ढगांचा तास सुरू झाला.

खोली हळूहळू शांत झाली. खिडकीत एक पांढराशुभ्र ढग येऊन रेंगाळला. मास्तरांना उठायचं होतं, पण पांघरूण फार उबदार होतं. ढगाचा बैल झाला, मग होडी. लहानपणी वर्गाच्या खिडकीतून त्यांनी अशीच एक होडी बघितली होती. ती पुढे कुठे गेली ते बघायचं राहूनच गेलं, कारण तेवढ्यात हातावर छडी बसली होती. आज मास्तर त्या होडीत बसले आणि निघाले. पाणी संथ होतं, कुणी हाक मारत नव्हतं. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आजोबा!"

मास्तर दचकून उठले. समोर साक्षात बाई! खिडकीबाहेर बघताना पकडला गेलो! मास्तरांनी डोळे घट्ट मिटले आणि मुकाट्यानं उजवा हात पुढे केला.

सगळा वर्ग बघत राहिला. नातीचा जीव टांगणीला लागला. आता मैत्रीण हसणार!

मैत्रीण उठली. हात पुढे केलाय म्हणजे आजोबांना काहीतरी हवंय, एवढंच तिला कळलं. तिनं आपल्या सदऱ्यावर चिकटवलेली बक्षिसाची चांदणी काढली आणि मास्तरांच्या तळहातावर लावली. मग काय, ज्याच्याकडे चांदणी होती तो प्रत्येकजण रांगेत! मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा नात आणि मैत्रीण एकमेकींच्या गळ्यात पडून खिदळत होत्या.

संध्याकाळी लेकीनं विचारलं, "काय बाबा, झाला का वर्ग सरळ?"

"उद्याही बोलावलंय त्यांना!" नातच म्हणाली. "फक्त जरा हळू घोरायचं. बाकीच्यांचे ढग पळून जातात!"

मास्तर खाकरलेसुद्धा नाहीत. डाव्या हातात चमचा धरून ते निमूट जेवत होते. उजवा हात धुवायचा त्यांना धीर होत नव्हता.