शून्याचे पेढे

उजनी धरण शून्य टक्क्यांवर आलं की बसप्पाअण्णा गल्लीत पेढे वाटतात. परगावच्या माणसाला हे वेड वाटेल. पण आमचं सोलापूर उन्हाळ्यात वजा टक्क्यांवर जगतं. धरणाच्या तळाशी उरलेलं आम्ही उपसून पितो. पावसाळ्यात पातळी चढत चढत शून्याला टेकली, की अण्णांची दिवाळी.

अण्णांची हयात नवी पेठेतल्या दुकानात कापड फाडण्यात गेली. पाण्याशी संबंध पिण्यापुरता. तरी रोज सकाळी ओट्यावरच्या पाटीवर धरणाची पातळी खडूनं लिहिणार. बोलणंही त्याच मापात. चहा किती? "चाळीस टक्के." तब्येत? "वजा बारा. गाळ लागलाय." पुण्याच्या जावयाचं विचारलं तर, "शंभर टक्के भरलाय, पण दरवाजा उचलत न्हाय!"

नळाला पाणी चार दिवसांनी. ते आलं की अण्णा "नीरु बंतु! पाणी आलं!" ओरडत गल्लीभर फिरत आणि मग स्वतःची घागर लावत. त्यांचं घर शेवटचं, त्याच्या अलीकडे माझं. त्यांच्या नळाला धार करंगळीएवढी.

"पुण्याकडची धरणं पाणी दाबून बसल्यात बघ, सुधाकर," ते चारचौघांत म्हणत.

"बसलीत की," मी म्हणे.

त्या धरणांनी काही केलं नव्हतं. माझ्या न्हाणीघरात पोत्याखाली मोटर होती, थेट नळाला जोडलेली. आई अंथरुणाला खिळली, रोज चादरी धुवायच्या, तेव्हा बसवली. पुढे आई गेली. मोटर मात्र आणखी दोन वर्षं पाणी ओढत राहिली. अण्णांच्या वाट्याचं.

यंदा शून्याचा पेढा हातावर पडला आणि तोंडात घालवेना. ओट्यावर बसलो, सगळं सांगून टाकलं. पोत्यासकट.

अण्णांनी खडू खाली ठेवला. "पयल्या दिवसापासनं म्हाईत हाय की. भिंत एकच हाय आपली. घरघर ऐकू येती."

"मग पुण्याकडची धरणं?"

"लोकं विचारत्यात, अण्णा, धार बारीक का? तुजं नाव सांगू?"

"बोलला असतात तर काढली असती."

"आईचं करत हुतास. मला एकट्याला लागतंय कितीसं?"

"पण आई गेल्यावर तरी?"

अण्णांनी खडू परत उचलला. "आमची ही गेल्यापासनं भिंतीपलीकडनं तेवढाच आवाज येतोय रं. खा पेढा."

खाल्ला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गोड लागला. त्याच दुपारी मोटर काढली.

पुढच्या पाळीला नळ फुरफुरला, तसा मी भिंतीवर थाप मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, "अण्णा, नीरु बंतु!"

"आलं, आलं! सत्तर टक्के दाब हाय!"

तेव्हापासून गल्लीभर हाळी देत फिरणारे अण्णा माझ्या दारावरून मुकाट पुढे जातात. घरात शिरतात, घागर हातात घेऊन नळापाशी उभे राहतात. माझी हाक आल्याशिवाय ती लावत नाहीत.