आप्पांचं कोपर

आमच्या गल्लीत कुणाच्याही दोरीवर ओलं कापड दिसलं, की आप्पा ते उतरवून पिळतात. विचारत नाहीत. हक्काने पिळतात.

कारण कोपर. नंदुरबारच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी त्यांना टेनिस एल्बो सांगितला. आता तळोद्यात टेनिस खेळलेला माणूस शोधून सापडायचा नाही, आणि आप्पांनी जन्मात धरली ती फक्त मुसळी. थंडी पडली, की कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी लांबट लाकडी भांड्यात घालून ठेचायची आणि गल्लीभर भरीत वाढायचं, हे काम आप्पांचं. मिक्सरचं नाव काढणाऱ्या एका माणसाशी त्यांनी बोलणं टाकलंय. तो त्यांचा सख्खा जावई. गल्लीच्या टोकालाच राहतो.

"दुनिया कोपरवर चाली ऱ्हायनी, भो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एसटी चुकली तरी तेच, शेजाऱ्याचं लग्न मोडलं तरी तेच.

मॅडमनी व्यायाम दिला : ओला टॉवेल सावकाश पिळा, पाण्याची बाटली धरून मनगट हळूहळू खाली न्या. आणि दुखणं जाईपर्यंत ठेचायचं नाही. आप्पांचा टॉवेल एकच, तो दोन पिळ्यांत कोरडा. मग गल्लीवर संक्रांत आली. बायका काय कमी आहेत? त्या आता मुद्दाम निथळत्या चादरी टाकतात.

"आप्पा, हाई तेवढी ऱ्हायनी."

आप्पा पिळतात. गोधडीला ते 'मोठा डोस' म्हणतात. लोकांना बरं व्हायला औषध लागतं, यांना धुणं.

मी त्यांची नक्कल करतो. कोपर कोंबडीच्या पंखासारखं वर, जीभ दातात, दर ठोक्याला एक हुंकार. सगळ्यात जास्त हशा मिळतो तो मिठाच्या जागेला. मीठ टाकायच्या आधी आप्पा मुसळी थांबवतात, मान तिरकी करतात, समोरच्या आपल्या घराच्या बंद दाराकडे कान लावतात, आणि मगच मीठ. काकू गेल्यापासून त्या घरात आप्पांशिवाय कुणी नाही. मी म्हणायचो, मोठ्या कलाकाराचे नखरे.

यंदा भरताचा दिवस आला, पण मॅडमनी अजून सुट्टी दिली नव्हती. आप्पा कोपराला पट्टा बांधून हजर. 'मी नाही ठेचलं तर गल्लीत भरीत नाही,' हे त्यांनी आधीच जाहीर केलेलं. चार ठोके बरे पडले. पाचव्याला मुसळी हातातून सुटली. जावई लगबगीने मिक्सर आणायला उठला.

आप्पांनी मुसळी उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"तू मन्ही नक्कल करस ना? मंग आते कर."

केली. पंख वर, जीभ दातात, हुंकार. गल्ली खदखदली. जावई परत बसला. वांगी मऊ झाली, मिठाची जागा आली. मी मुसळी थांबवली, मान तिरकी केली, दाराकडे कान लावला. लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

आप्पा हसले नाहीत. माझ्याजवळ सरकले.

"तुन्ही काकू घरमातून ठेचाना आवाज आयके," ते हळूच म्हणाले. "वांगं बारीक व्हयनं का तठूनच सांगे."

मला मान सरळ करायचं सुचेना. समोर दाराला कुलूप होतं. आप्पाही तिकडेच बघत होते, जरा वेळ. मग माझ्याकडे वळले.

"आते टाक मीठ."