मधासाठी स्थळ पाहणे आहे

बेंगळुरूच्या चामराजपेटेतले हयवदनराव एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले. निवृत्त माणसाला काहीतरी आंबवत ठेवावंच लागतं, म्हणून त्यांनी घरच्या घरी मीड करायचं ठरवलं. मीड म्हणजे मधाची दारू. पण घरात देव असल्यामुळे तिला दारू न म्हणता 'मध्वासव' म्हणावं, असा ठराव त्यांनी स्वतःच मांडला आणि स्वतःच मंजूर केला. पत्नी वसुमतीबाईंचा विरोध 'आसव' या शब्दासरशी मावळला. औषधाला नाही कोण म्हणणार?

निमित्तही मंगल होतं. मुलगी मनस्विनी हिचं लग्न जमत आलं होतं आणि साखरपुड्याला व्याह्यांपुढे हेच आसव ठेवायचं होतं. कोडगूहून उत्तम मध आला. प्रश्न राहिला तो आंबवणाऱ्या यीस्टचा.

दह्याला लावतो तसं विरजण लावून टाका की, असं वसुमतीबाई म्हणाल्या. उभ्या हयातीत तीन कोटेशनांशिवाय पेन्सिलही न घेतलेल्या हयवदनरावांना हे ऐकवेना. त्यांनी रीतसर छाननी सुरू केली. पावाचं यीस्ट पहिल्याच फेरीत बाद झालं. सुरुवातीला भारी फेसाळतं आणि काम निम्म्यावर आलं की अंग टाकतं. शँपेनचं यीस्ट मोठ्या घराण्यातलं, पण गोडी सगळी खाऊन मधाला कोरडं ठाक करतं, असा बभ्रा होता. पांढऱ्या वाइनचं एक होतं, स्वभावाने लाघवी. मात्र बेंगळुरूचा एप्रिल त्याला सोसत नाही, उकाडा वाढला की त्याचं डोकं फिरतं आणि पेय घसा जाळतं. चौथं उन्हाळा सोसायचं, पण शेजारी दुसरं यीस्ट आलं की त्याला मारून टाकायचं. 'एकत्र कुटुंबास अयोग्य', असा शेरा मारून हयवदनरावांनी ते तूर्त बाजूला ठेवलं.

शेऱ्यांवरही त्यांचा विश्वास नव्हता. ज्यांनी ज्यांनी ही यीस्टं वापरली होती, त्यांच्या घरी जाऊन त्यांनी समक्ष चौकशी केली. उपाशी राहिलं तर कसं वागतं? सडक्या अंड्यासारखा वास सोडतं, असं कळलं. वेळेवर खायला मिळालं तर निवळतं का? शेवटी उरलेल्या प्रत्येक यीस्टला बरणीभर मध देऊन महिनाभराची चाचणी लावण्यात आली. स्वयंपाकघरात डबे ठेवायला जागा उरली नाही.

मुलाची चौकशी मात्र केव्हाच उरकली होती. यशोवर्धन इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, सर्जापूर रोडला स्वतःचा फ्लॅट. हयवदनरावांच्या थोरल्या बहिणीने, रत्नाबाईंनी, फोनवर एवढं सांगितलं आणि हयवदनराव 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणून मोकळे झाले. मनस्विनी त्याला एकदाच हॉटेलात भेटली. दोसा यायला उशीर झाला म्हणून त्याने वेटरला अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं झापलं, आणि लग्नानंतर तिच्या नोकरीचं 'पाहू' म्हणाला. हे तिने घरी सांगितलं. लग्न झालं की होतात मुलं सरळ, असं तिला कळवण्यात आलं. धास्तीने बिचारीला जेवण जाईना.

एका संध्याकाळी बरण्यांना वैतागून वसुमतीबाई म्हणाल्या, कुठलंही एक टाका, होईल नंतर चांगलं. हयवदनराव गंभीर झाले.

"नंतर काही सुधारत नसतं. एकदा मधात पडलं की पुन्हा बाहेर काढता येत नाही. म्हणून काय ते आधी विचारून घ्यायचं."

मनस्विनी बरण्या पुसत होती. ती म्हणाली, "अण्णा, मग मलाही महिनाभर चाचणी पाहिजे."

वसुमतीबाईंनी घाईघाईने देवघराचं दार लोटलं.

"तसलं काही नाही, अम्मा. नुसतं भेटायचंय. भूक लागली, उकडलं, मनाविरुद्ध झालं, की तो कसा वागतो ते बघायचंय. अण्णांनी यीस्टबद्दल विचारलं, तेवढंच."

हयवदनरावांनी पुष्कळ विचार केला, पण पद्धतीत खोट काढता येईना. त्यांनी मुलाच्या वडिलांना फोन लावला आणि जिभेला वळण पडलेलं असल्यामुळे त्याच शब्दांत विचारलं: उकाडा किती सोसतो, उपाशी ठेवल्यास काय होतं, आणि शेजारी दुसरं कुणी असल्यास त्याला जगू देतो का.

"आमचा मुलगा म्हणजे काय दुकानातून आणायची पुडी वाटली तुम्हाला?" असं विचारून पलीकडून फोन ठेवला गेला. लग्न मोडलं. त्या दिवशी मनस्विनी पोटभर जेवली.

आसव मुरलं तेव्हा नातेवाईक सांत्वनाला आले. चव पाहून सगळ्यांनी हयवदनरावांच्या चिकाटीची तोंड भरून स्तुती केली. रत्नाबाईंनी पेला पुन्हा पुढे केला.

"घाल स्वल्प. यीस्ट मात्र पारखून घेतलंस हं, हयवदना. मुलीच्या बाबतीत एवढं खोदून विचारायचं नसतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

ही हकिकत आजवर पुष्कळांना सांगून झाली. मनस्विनी आता कशी आहे, असं अजून कुणी विचारलेलं नाही. शेवटी यीस्ट कुठलं घेतलं, एवढंच सगळे विचारतात. तुमच्याही ओठांवर तेच आलं असेल, तर हयवदनरावांना खुशाल फोन करा. यीस्टविषयी ते कितीही वेळ बोलतात.